पाठमोऱ्या बाई

— नाही, थांबा, त्या फोटोला हात लावू नका! धूसर आला म्हणून काय झालं, धूसर माणूससुद्धा माणूसच असतो. एकही फोटो पुसायचा नाही, हे मी तुम्हाला गेल्या खेपेलाही बजावलं होतं. आणि ‘या वेळी फारसे चांगले निघाले नाहीत, बाई’ असं म्हणू नका हो — निघायला ते काय दुधाचे दात आहेत? मी काढलेत ते. वाईट असतील तर मी वाईट काढलेत. प्रत्येक क्रियापदाला कर्ता असतो आणि कर्त्यानं आपल्या कर्माची जबाबदारी घ्यायची असते, एवढं तरी मी जन्मभर... हसू नका. सरका थोडे, मला पडदा दिसत नाही. आणि तुमच्या फोटो स्टुडिओतलं हे स्टूल अजून डुगडुगतंच आहे. पायाखाली पुठ्ठ्याची घडी घाला म्हणाले होते ना मी? मागे एवढी कात्रणं पडलीत, त्यातली एक घेतलीत तरी भागेल. असो. आता पहिल्यापासून लावा, आणि एकेक रांग मोठी करत चला — डावीकडून उजवीकडे, वरून खाली, उत्तरपत्रिका तपासतात तशी. एकही ओळ सुटता कामा नये.

काय म्हणालात? बँडचा एकही फोटो नाही? असेल कसा — बँड माझ्या पाठीमागे होता! मी प्रेक्षकांचा अभ्यास करते आहे, हे तुम्हाला पूर्वीच सांगितलंय. निवृत्त माणसाला काहीतरी मागे लावून घ्यावंच लागतं. कोणी बाग करतं, कोणी शेजाऱ्यांच्या चौकश्या करतं, मी गर्दीतले चेहरे बघते. आणि बँड माझा आवडता आहे, त्याबद्दल शंका नको. या वयात म्हणजे? कानांना निवृत्तीचं वय असतं का हो? हां, पहिल्या कार्यक्रमाला मी कानांत कापसाचे बोळे घालून गेले होते, ते कबूल. ड्रम सुरू झाले तेव्हा वाटलं, कोणीतरी माझ्या बरगड्यांवर दार ठोठावतंय. पण दुसऱ्या वेळी एकाच कानात बोळा घातला, आणि तिसऱ्या वेळी पर्समधून काढायचाच विसरले. आता मला सगळी गाणी येतात — व्याकरणाच्या चुकांसकट येतात. तो दाढीवाला गातो ना, तो शब्दांची शेपटं खातो. ड्रमवाला मान खाली घालून असा वाजवतो, जणू शिक्षा म्हणून पाढे लिहितोय. आणि कोपऱ्यातली ती कीबोर्डवाली कधी म्हणजे कधी हसत नाही, पण सगळा डोलारा उभा असतो तो तिच्याच जिवावर. बघा, अभ्यास झालाय की नाही? पुढच्या कठड्यापाशी जी पोरंपोरी गर्दी करतात, ती मला ओळखतात. जांभळ्या केसांची एक ठेंगणी आहे, ती दार उघडल्याबरोबर धावत जाऊन माझी जागा धरते — ‘आजी, या, या, तुमच्या जागेवर मी कोणाला पाय ठेवू दिला नाही!’ आजी म्हटलेलं मी चालवून घेते. आंटी म्हणाली होती पहिल्यांदा, तेव्हा नुसतं बघितलं तिच्याकडे. पुन्हा नाही म्हणाली.

पुढचा लावा. हळू — हळू हो, तुम्ही पानं उलटताय की पत्ते पिसताय? ती कोपऱ्यातली बाई मोठी करा. नाही, ती नव्हे, तिच्या मागची. अं... नाही. पुढे.

तर पाठ का करायची, असं विचारत होतात ना तुम्ही? त्याचं असं आहे, त्यांचं एक गाणं आहे, ते नेहमी सगळ्यांत शेवटी घेतात. त्यात एकच ओळ पुन्हापुन्हा येते — ‘कोण आलंय बघ.’ बस्स, तीन शब्द. मी दहावीच्या मुलालासुद्धा एवढ्यावर गुण दिले नसते. पण ती ओळ आली की दाढी गायचा थांबतो, माइक लोकांकडे करतो, आणि सभागृहातले सगळे दिवे एकदम लागतात — एरवी तिथे डोळ्यांत बोट घातलं तरी दिसणार नाही असा काळोख, उजेड काय तो मंचावर. खालच्या माणसांना चेहरे फुटतात ते त्या एका ओळीपुरते. ‘कोण आलंय बघ, कोण आलंय बघ’ — सगळे हात वर करून एकमेकांकडे बघत ओरडत असतात, आणि सगळ्यांचे कॅमेरे मंचाकडे असतात. माझा एकटीचा उलट. मी सगळा कार्यक्रम हा गळ्यात अडकवून स्वस्थ उभी राहते, आणि ती ओळ आली की मंचाकडे पाठ करून बटण दाबत सुटते — समोर, डावीकडे, उजवीकडे, वरच्या सज्जात. दिवे जातात तोवर जेवढे मिळतील तेवढे. तुम्हीच शिकवलंत, बटण दाबून धरलं की ते एकामागोमाग एक घेत राहतं म्हणून. ओढून जवळ कसं आणायचं, तेही तुम्हीच दाखवलंत. कॅमेरा जुना आहे पण चांगला आहे, असं म्हणाला होतात. चांगला असणारच. तिनं स्वतःच्या पहिल्या पगारातून —

पुढे चला. बोलण्यात वेळ जातोय. ही रांग झाली का पूर्ण? लांब केसांच्याच बघू नका हो, कापलेही असतील एव्हाना. आणि हात दिसतील तिथे थांबा. घड्याळ बघा. तबकडी आतल्या बाजूला, मनगटाच्या आत — अशी. अशा घड्याळाची कोणी दिसली तर मला सांगा, बाकी सोडून द्या.

थांबा! ही — ही निळ्या सदऱ्यातली. करा मोठी. अजून. ...नाही. नाही, नाक वेगळं आहे. हनुवटीही नाही. चला पुढे, माझ्याकडे काय बघताय?

...माझी मुलगी. झालं समाधान? आता विचारलंतच आहे तर ऐका, पण हे गल्ल्यावर बसून चघळायला नाही, सांगून ठेवते. एकच मुलगी. तिचे वडील लवकर गेले, तेव्हा घर म्हणजे मी आणि ती, शाळा म्हणजेही मी आणि ती. माझ्याच वर्गात होती. शाळेत मला ‘आई’ म्हणायचं नाही, ‘बाई’ म्हणायचं — बाकीच्या मुलांना वाटू नये ना, हिचे लाड होतात म्हणून. ती इतकी शहाणी की घरीसुद्धा ‘बाई’च म्हणायला लागली. ‘बाई, भूक लागलीय.’ ‘बाई, ताप आलाय वाटतं.’ लोक हसायचे; मला अभिमान वाटायचा. कितीजणांची मुलं एवढं ऐकतात? शाळा सुटली की माझं काम संपेपर्यंत ती बाहेर व्हरांड्यात उभी राहायची — कठड्यावर हात, हातांवर हनुवटी, आणि डोळे माझ्या दाराकडे. मी कोणाशी बोलत असले की मधे बोलायचं नाही, असा नियम होता. काही सांगायचंच असेल तर हात वर करायचा, थोडासा, खांद्यापर्यंत, आणि माझं लक्ष जाईतो थांबायचं. आता शिक्षिकेच्या मागे काय कमी व्याप असतात हो? कधी मुख्याध्यापक, कधी कोणाचे पालक... सगळी शाळा रिकामी व्हायची, शिपाई खिडक्या लावायला घ्यायचा. पण ती हलायची नाही. मी म्हटलेलं असायचं ना, ‘थांब, मी येते’ म्हणून. आणि मी जायचे. उशिरा जायचे, पण जायचे.

नाही, भांडण वगैरे काही नाही. भांडण दोघांचं असतं. मी तिला आमच्याच शाळेत चिकटवली होती, चांगली कायमची नोकरी, आणि ही प्रत्येक सुट्टीला त्या बँडच्या मागे! एका गावाहून दुसऱ्या गावाला, गळ्यात हा कॅमेरा. भिंतीवर त्या दाढीची चित्रं — मी म्हटलं, तुझ्या वडिलांचा फोटो एवढासा आणि या अस्वलाचा एवढा? मग एकदा ऐन परीक्षेच्या दिवसांत रजा टाकून गेली. परत आल्यावर मी जे बोलले ते शिस्तीचंच होतं. दुसऱ्या कोणी केलं असतं तर तिलाही तेच बोलले असते. ती म्हणाली, ‘बाई, एकदा, एकदाच येऊन बघा ना माझ्याबरोबर. मी तिथे कशी असते ते तरी बघा.’ मी म्हटलं, मला वेळ नाही. वेळ नव्हताच. कॅमेरा मात्र मी तिच्याकडून काढून घेतला होता, निकाल लागेपर्यंत. तिनं तो मागितला नाही. नोकरी सोडली, घर सोडलं, फोनचा नंबर बदलला. मी शोधायला गेले नाही. आपण होऊन येईल, म्हटलं. थांबायची सवय कोणाला होती? तिलाच ना? माझ्याकडे कुठे होती ती.

...पुढचा लावा. हो, पाणी चालेल. ठेवा तिथे.

मग मध्यंतरी मी रक्त तपासायला गेले, तर सुई टोचणारा माझाच जुना विद्यार्थी. म्हणाला, ‘बाई, ताई दिसल्या होत्या त्या बँडच्या कार्यक्रमाला. हाक मारली, पण एवढ्या आवाजात काय ऐकू जाणार? नुसत्या उभ्या होत्या, डोळे मिटून गात होत्या.’ रक्त बघून चक्कर येणाऱ्यातली मी नाही. पण त्या दिवशी त्यानं मला तिथेच आडवं केलं. म्हणून कपाट उघडलं, म्हणून हा कॅमेरा काढला, म्हणून तुमच्याकडे आले. आता कळलं, कसला अभ्यास ते? कठड्यापाशी सगळ्यांत पुढे उभं राहिलं आणि मागे वळलं, की सगळे समोर येतात — वर्गात फळ्यापाशी उभं राहिल्यासारखं. मी जन्मभर तिथेच उभी राहिलेय. पुढून मागपर्यंत कोण आलंय, कोण आलं नाही, हे मला एका नजरेत कळायचं. वाटलं होतं, कळेल. पण चष्म्याचा नंबर वाढला, आणि वर्ग फार मोठा आहे हो.

आणि हा शेवटचा कार्यक्रम होता. तुम्ही वाचलं असेल, बँड मोडतोय. दाढी एकीकडे, ड्रमवाला दुसरीकडे. जांभळी माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडत होती, मी तिला रुमाल दिला आणि म्हटलं, नाक शिंकर आधी. मला वाटलं होतं, आज ती नक्की असणार. आज नसेल तर मग कुठे बघायचं? आणि बघा, ऐन त्याच वेळेला तो आचरटपणा झाला. ओळ आली, दिवे लागले, मी वळले — आणि दाढी माइकवर म्हणतो, ‘ओ पाठमोऱ्या बाई! आज शेवटचा दिवस, आज तरी आमच्याकडे बघा! आम्ही इकडे आहोत!’ मला ते त्या नावानं ओळखतात, हे मला तेव्हा कळलं. समोरच्या सज्जातून मंचावर पडणारा मोठा दिवा माझ्यावर आणला, मागच्या भल्यामोठ्या पडद्यावर माझा चेहरा — हा एवढा, सुरकुतीन् सुरकुती — आणि सगळं सभागृह ओरडतंय, ‘बाई! बाई! बाई!’ डोळ्यांसमोर नुसता पांढरा उजेड. मला काही म्हणजे काही दिसत नव्हतं. मी बटण दाबत राहिले. म्हणून हे असे आलेत, तिरके. सगळे हसताहेत, बघा. माणसं हसली की सारखीच दिसतात. रडताना निदान वेगळी दिसतात. ही रांग झाली? हीसुद्धा? सज्जा? ...म्हणजे नाहीच.

नाही, चिडले नाही मी. उलट मान दिला त्यांनी मला. कार्यक्रम संपला, लोक बाहेर पडायला लागले, तर एक माणूस मला न्यायला आला — ‘बाई, मंचावर बोलावलंय.’ जांभळीचा जीव जळून खाक झाला असेल! दाढी हात जोडून म्हणाला, ‘माफ करा, गंमत केली. पण खरं सांगा, आमच्याकडे पाठ का करता?’ ...मी म्हटलं, मला प्रेक्षक आवडतात. माइक त्याच्या हातातच होता हो. चालू होता की नाही देव जाणे, पण चालू करता आला असता. मी नुसतं तिचं नाव सांगायचं होतं, त्यानं नुसतं उच्चारायचं होतं. पण ओळखपाळख नसलेल्या माणसापुढे घरातलं काय काढायचं? तुमच्यापुढेसुद्धा काढणार नव्हते. मी त्याला म्हटलं, तुम्ही शब्दांची शेपटं खाता, शेवटचं अक्षर पूर्ण उच्चारत चला. तो हसला. बराच वेळ बोललो आम्ही, कीबोर्डवालीसुद्धा हसली, कधी नव्हे ती. मग तो म्हणाला, ‘आता आमच्या जागेवरून काढा एक, आम्हाला रोज काय दिसतं ते बघा.’ मन मोडवेना, म्हणून काढला. चष्मा हातात होता — त्या दिव्यांनी डोळ्यांना पाणी येत होतं सारखं. कॅमेरा डोळ्याला लावला, एक दाबला, झालं. मग मला मागच्या दारानं नेलं, त्यांच्याच गाडीतून घरी सोडलं. अगदी उंबऱ्यापर्यंत. माझ्यासारखीला कोण एवढं —

हां, तो. तोच तो. हा एक मात्र पुसलात तरी चालेल, यात कोणी नाही. रिकामं सभागृह आहे नुसतं. कागदाचे कपटे, पाण्याच्या बाटल्या... काय? कोणीतरी आहे? झाडायला आलेलं असेल. कुठे? कठड्यापाशी? करा बघू मोठं.

ती माझी जागा आहे. तिथे मी उभी होते.

अजून मोठं करा. चेहरा फुटतो म्हणजे काय? फुटू दे. करा.

...

कठड्यावर हात आहे. हातावर हनुवटी आहे. घड्याळ... हो. आत आहे. आणि दुसरा हात, बघा ना, वर केलाय — थोडासा. खांद्यापर्यंत. केस पिकलेत हो तिचे कानाजवळ. एवढ्यात पिकले?

ती कुठे बघतेय? मला नीट दिसत नाही, तुम्ही सांगा. सरळ? सरळ म्हणजे कॅमेऱ्यात ना? म्हणजे माझ्याकडे. मी बोलत होते ना त्यांच्याशी. मी बोलत असताना मधे बोलायचं नाही. म्हणून ती थांबली. सगळं सभागृह रिकामं झालं, आणि ती तिथे जाऊन, माझ्या जागेवर... आणि मी कॅमेरा तिच्यावर रोखला. समोरून रोखला, फोटो काढला. आणि पाठ फिरवून मागच्या दारानं निघून गेले.

तिला वाटलं असेल, मी बघितलं.

नाही, पाणी नको. छापू नका. हो — नको, छापू नका अजून. असंच राहू द्या पडद्यावर, बंद करू नका. कोणीतरी आलंय बघा दारात, गिऱ्हाईक आहे. तुम्ही त्यांचं बघा. आधी त्यांचं आटपा, सावकाश आटपा, माझ्याकडे लक्ष देऊ नका.

मी थांबते.